गाडी बंद पडते तेव्हा



आपले बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर. सकाळी पोर्ट लुईहून निघालेला माणूस किनाऱ्याकिनाऱ्याने प्रदक्षिणा घालून दिवेलागणीच्या आत घरी पोचतो. एवढ्याशा जागेत कोण कोणाला परका? तरीही बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीजवळून आपण जातो, तेव्हा त्या गाडीची माणसे आपल्याला परकीच वाटतात. आपण वेग थोडा कमी करतो, मान वळवून पाहतो, 'कोणीतरी येईलच त्यांना न्यायला' असे मनाशी म्हणतो आणि पुढे जातो. हे 'कोणीतरी' म्हणजे नक्की कोण, याचा विचार आजच्या या स्तंभात करावा असे आम्हांस वाटते.

आमच्या लहानपणी वस्तीत दोन-चार गाड्या असत आणि बाकीचे सारे बसने जात. चढणीवर बस बंद पडली की कंडक्टरच्या एका हाकेसरशी पुरुष मंडळी खाली उतरून ढकलू लागत. बायका पिशव्या सांभाळत आणि पोरे मागून धावत. परोपकार वगैरे शब्द कोणाच्या डोक्यात नसे, कारण बस सर्वांचीच अडलेली असे. आज या देशात सहा लाखांहून अधिक वाहने नोंदलेली आहेत आणि माणसे आहेत सुमारे साडेबारा लाख. प्रत्येक कुटुंब आपापल्या काचा लावून, आपापले गार वारे खात चालले आहे. अशा वेळी जो अडतो तो एकटाच अडतो. मोटार आली ही चांगलीच गोष्ट झाली, तिच्याविषयी आमची काही तक्रार नाही. परंतु तिच्याबरोबर हा एक फरकही आला, हे मान्य करायला हवे.

गेल्या वर्षी थंडीच्या सुट्टीत आमच्या घरची मंडळी ल मोर्नच्या किनाऱ्यावर गेली होती. यजमान, दोन मुले, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि आम्ही. परतताना काझ नोयालहून शामारेलची चढण चढावी, प्लेन शांपान्यच्या रानातून जावे, गंगा तलावावर हात जोडावेत आणि वाक्वाला घरी यावे, असा बेत होता. तो रस्ता ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांना ती चढण किती उभी आहे आणि वळणे किती आवळ आहेत हे सांगायला नको. तिसऱ्या की चौथ्या वळणावर बॅटरीचा तांबडा दिवा लागला, तापमानाचा काटा वर चढला आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागली. यजमानांनी गाडी डावीकडच्या मोकळ्या जागेत घेतली. मागे खाली खाजणाचे निळे पाणी आणि इल ओ बेनितिये दिसत होते. दृश्य फार सुंदर होते, पण ते पाहायला कोणाचे मन थाऱ्यावर नव्हते.

विम्याच्या कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितले की रविवार आहे, दोन तास तरी लागतील. (तेथून कोणीही आले नाही, हे येथेच सांगून टाकतो.) मुलांनी वेळ घालविण्यासाठी जाणाऱ्या गाड्या मोजायला सुरुवात केली. एक्केचाळीस गाड्या गेल्या. काहींनी हॉर्न वाजवला, तो कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. इतक्यात आमचे लक्ष सासूबाईंकडे गेले. त्यांना मधुमेह आहे. दुपारची गोळी घेतलेली होती, पण किनाऱ्यावरच्या वाऱ्यात जेवण धड झाले नव्हते. कपाळावर घाम, हात थरथरत आहेत आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर भलतेच. रक्तातली साखर उतरली की असे होते आणि त्यावर उपाय एकच, ताबडतोब पोटात काहीतरी गोड जाणे. आमच्याजवळ रिकाम्या डब्यांखेरीज काही नव्हते. डब्यातला शेवटचा लाडू मुलांनी समुद्रावरच संपविला होता.

बेचाळिसावी गाडी एक जुनी व्हॅन होती, आत आठ-दहा माणसे दाटीवाटीने बसलेली. ती थोडी पुढे जाऊन थांबली आणि पन्नाशीच्या पुढच्या एक बाई खाली उतरल्या. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलेच नाही, पाहिले ते सासूबाईंकडे. 'का भइल, बहिन?' असे म्हणत त्या शेजारी बसल्या, कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि व्हॅनमधल्या सुनेला हाक मारून थर्मास मागविला. चहा आधीच गोड होता. त्यात त्यांनी आणखी साखर घातली आणि घोट घोट करून पाजला. मग पत्र्याच्या डब्यातली बिस्किटे दिली. दहा-पंधरा मिनिटांत सासूबाईंचा चेहरा माणसात आला. पहिले वाक्य त्या मराठीत बोलल्या, दुसरे भोजपुरीत, आणि मग दोघींचे असे काही जमले की इंजिनाकडे पाहायला आम्ही मोकळे झालो. ही मंडळी त्रिओलेकडची होती आणि त्यांना काळोखापूर्वी बेटाचे दुसरे टोक गाठायचे होते. तरीही सासूबाई उठून चार पावले चालेपर्यंत त्यांची व्हॅन हलली नाही.

एक गोष्ट आम्ही तेव्हाच मनात टिपून ठेवली. तासभर एकही गाडी थांबत नव्हती; पण व्हॅन थांबली आणि पुढच्या पाच मिनिटांत आणखी दोघे थांबले. एक साठीचे मच्छिमार, मोपेडवर मागे टोपली बांधलेली. दुसरा एक तरुण, छोट्या कामिओनेतमध्ये. मच्छिमारांनी बॉनेटखाली डोके घालून एका नजरेत निदान केले की पट्टा तुटला आहे. आमची गाडी वीस वर्षांपूर्वीची आहे. तिच्यात त्या एकाच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो आणि बॅटरी भरणारे यंत्रही, म्हणून तांबडा दिवा आणि वाफ बरोबरीने आली. यजमान रेडिएटरचे झाकण काढायला निघाले तेव्हा म्हाताऱ्यांनी त्यांचे मनगटच धरले. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते. 'पा त्राकासे' म्हणत ते दगडावर बसले आणि अर्धा तास इंजिन निवण्याची वाट पाहिली. मग फडके धरून झाकण सोडविले, पाणी भरले आणि टोपलीतून नायलॉनची दोरी काढून ती चाकांवरून पट्ट्यासारखी ताणून बांधली. अशी दोरी फार टिकत नाही, परंतु हळूहळू उतरण उतरून गाव गाठण्यापुरती टिकते. पुढे मोपेड, मागे कामिओनेत आणि मध्ये आम्ही, अशी वरात खाली काझ नोयालला व तेथून ला गोलेतला गेली. तेथे म्हाताऱ्यांनी एका ओळखीच्या कारागिराचे बंद दार ठोठावले, आणि त्याच्याकडे नेमका त्या मापाचा पट्टा निघाला. कारागिराने पट्ट्याची किंमत घेतली, रविवारच्या मजुरीचे नाव काढले नाही.

यजमानांनी मच्छिमारांच्या हातात नोट ठेवू पाहिली. त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, पैसे नकोत, दोरी तेवढी परत द्या, उद्या पहाटे लागणार आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की हे तर पर्यटन खात्याच्या भित्तिचित्रासारखे झाले, भोजपुरी चाची, क्रिओल म्हातारा आणि मराठी प्रवासी. तसे म्हणणाऱ्याला आम्ही कामिओनेतमधल्या तरुणाची आठवण देऊ. त्याचे नाव विचारायचे राहूनच गेले. घरी येईपर्यंत सासूबाई त्याची जात-जमात ओळखण्याच्या प्रयत्नात होत्या. रंगावरून हा असेल, बोलण्यावरून तो असेल, गळ्यात काही होते का, आरशाला काही टांगले होते का. शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. आपल्या बेटावरची ही जुनी खोड आहे. समोरचा माणूस कोणत्या खणात बसवायचा ते कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. १९७२ नंतरच्या जनगणनेत तो प्रश्न विचारणे सरकारने सोडून दिले. आपण घरात तो रोज विचारतो. त्या दिवशी मात्र तो प्रश्न फक्त मदत घेणाऱ्यांच्या गाडीत विचारला गेला. मदत करणाऱ्या तिघांपैकी एकानेही आमचे आडनाव विचारले नाही.

एक थांबला की दुसरा का थांबतो? अध्यापक प्रशिक्षणाच्या काळात मानसशास्त्राच्या तासाला ऐकलेला एक प्रयोग येथे आठवतो. ब्रायन आणि टेस्ट या दोन अमेरिकन संशोधकांनी १९६७ साली तो प्रसिद्ध केला. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी केली, मागचे चाक बसलेले, शेजारी एक तरुणी. काही वेळ त्याच रस्त्यावर थोडे अलीकडे दुसरी गाडी ठेवली, जिचे चाक एक पुरुष बदलीत आहे आणि बाई शेजारी उभी राहून पाहते आहे. काही वेळ ती ठेवली नाही. एकूण ४००० वाहने गेली आणि थांबली अवघी ९३. त्यांतली ५८ अलीकडचे मदतीचे दृश्य पाहून आलेली आणि ३५ ते न पाहता आलेली. म्हणजे थांबणारे थोडेच, हे तिकडेही खरे आहे; पण दुसऱ्याला मदत करताना पाहिलेला माणूस स्वतः थांबण्याचा संभव बराच वाढतो. शामारेलच्या वळणावर आमच्या मुलांनी तेच पाहिले, फक्त त्यांच्यापाशी वही नव्हती.

दुसरा प्रयोग १९७३ सालचा, डार्ली आणि बॅट्सन यांचा, प्रिन्स्टन येथला. तेथे ख्रिस्ती धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला पाठविले आणि वाटेत एक माणूस कण्हत बसविला. काहींना सांगितले होते, उशीर झाला आहे, धावा. काहींना सांगितले, भरपूर वेळ आहे. सवड असलेल्यांपैकी शेकडा ६३ जणांनी काही ना काही मदत केली आणि घाईतल्यांपैकी शेकडा १० जणांनी. यांतील कित्येकांच्या भाषणाचा विषय कोणता? वाटेत पडलेल्या जखमी प्रवाशाला मदत करणाऱ्या परक्या माणसाची, बायबलातली कथा! तेव्हा मनात सद्विचार आहेत एवढ्याने भागत नाही, घड्याळही सैल असावे लागते. आमच्याजवळून गेलेली ती एक्केचाळीस माणसे दुष्ट होती असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेकांना कुठेतरी वेळेवर पोचायचे असेल.

आपण बेटकर तर प्रसंगाला धावून जाणारी माणसे आहोत, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. १९६० साली कॅरोल वादळाने घरे पाडली, तेव्हा ज्याची भिंत उभी त्याच्या घरात शेजारी राहिले, ही हकीकत आपल्या आजी-आजोबांनी शंभरदा सांगितली आहे. जुलै २०२० मध्ये वाकाशिओ हे जहाज आग्नेय किनाऱ्यावर खडकांवर चढले आणि पुढच्या महिन्यात त्यातले तेल समुद्रात पसरू लागले, तेव्हा माहेबुर्गच्या किनाऱ्यावर हजारो माणसे उसाचा पाला कापडात भरून तरंगते बांध शिवीत बसली होती, आणि शेजारी कोण बसला आहे हे कोणी पाहत नव्हते. महाशिवरात्रीला गंगा तलावाकडे चालणाऱ्या यात्रेकरूंना वाटेवरची घरे पाणी, सरबत, फळे देतात, आणि ती सगळीच हिंदूंची घरे नसतात. हे आपले वैभव आहे. परंतु आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. वादळाला नाव असते, यात्रेला तिथी असते. त्या दिवसांसाठी आपण मनाने तयार असतो. ज्या दिवसाला नाव नाही आणि तिथी नाही, अशा एखाद्या मंगळवारी दुपारी चार वाजता पट्टा तुटलेल्या गाडीजवळ उभ्या असलेल्या कुटुंबासाठी आपली तयारी नसते. पंचांगात नोंदलेला परोपकार सोपा असतो.

मराठी समाजाविषयीही एक शब्द लिहिणे भाग आहे. आपल्या माणसाच्या घरी मयत झाली की सांगावा धाडण्यापूर्वी माणसे जमतात. लग्नघरी पीठ मळण्यापासून मांडव उतरविण्यापर्यंत शेजारपाजार राबतो. गणेश चतुर्थीला मूर्तीमागे चालणाऱ्यांना कोणाच्याही ओटीवर पाणी मिळते. या सर्वांचा आम्हांला अभिमान आहे. तथापि यातली बरीचशी मदत आडनाव पाहून होते. आणि विसर्जनाच्या दिवशी आपली मिरवणूक रस्त्याने नदीकडे वा समुद्राकडे निघते, तेव्हा मागे अडकलेल्या गाड्यांत निमूट बसून राहिलेली माणसे कोण असतात, याचा आपण कधी हिशेब केला आहे काय? तेही एक प्रकारचे देणेच आहे, आणि ते आपण दरवर्षी घेतो.

आपले पूर्वज मुंबई बंदरातून जहाजावर चढले ते रत्नागिरीचे, सावंतवाडीचे, साताऱ्याचे, एकमेकांना कधी न पाहिलेले. १८३४ पासून पुढे सत्तरपंचाहत्तर वर्षांत साडेचार लाखांवर करारबद्ध मजूर या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढताना त्यांच्यातल्या पुष्कळांचे स्वतःचे असे कोणी सोबत नव्हते. एका जहाजातून आले एवढ्यावरून ते 'जहाजी भाई' झाले, आणि ते नाते पुढे लग्नकार्यात रक्ताच्या नात्यासारखे पाळले गेले. आजारात पेज पाजणारा, कोठीवर नवीन आलेल्याला काम दाखविणारा, भाषा कळत नसताना हाताने खूण करून पाण्याची वाट दाखविणारा, असा कोणीतरी परका प्रत्येक घराण्याच्या आरंभी उभा आहे. त्याचे नाव कोणत्याही वंशावळीत नाही.

आता भीतीविषयी. वाचकांपैकी कित्येक म्हणतील की बाई, तुम्ही दिवसाउजेडाची गोष्ट सांगता. रात्री निर्जन रस्त्यावर थांबायला सांगून आमचा गळा कापवता काय? हा आक्षेप खोटा नाही. मदतीचे ढोंग करून लुटणारे आहेत, आणि मदत मागण्याचे ढोंग करणारेही आहेत. एकट्या स्त्रीने अंधारात थांबावे असे आम्ही आमच्या मुलीलाही सांगणार नाही. परंतु थांबणे आणि निघून जाणे यांच्या मधे पुष्कळ जागा आहे. काच बोटभर खाली करून 'कोणी येते आहे का?' एवढे विचारता येते. पुढच्या उजेडाच्या जागी, पेट्रोल पंपापाशी, गाडी उभी करून पोलिसांना ११२ किंवा ९९९ वर आणि कोणी आजारी असेल तर ११४ वर कळविता येते. दिवसा, कुटुंब सोबत असताना, तर सबबच उरत नाही. व्हॅनमधल्या त्या चाचींना गाडीतले काही कळत नव्हते. त्यांच्यापाशी चहा होता, त्यांनी चहा दिला.

त्यांचा पत्र्याचा डबा आमच्याकडे राहिला आहे. उरलेली बिस्किटे सासूबाईंसाठी असू द्या म्हणून त्यांनी तो हातात कोंबला आणि व्हॅन निघून गेली. पत्ता नाही, नाव नाही. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये ही आपल्या घरांतली रीत. पण येथे भरून परत करायचे तरी कोणाकडे? सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि डब्यात गूळ-शेंगदाण्याच्या वड्या भरून तो गाडीच्या डिकीत ठेवायला लावला. आता तेथे तो डबा आहे, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आहेत, तांबडा त्रिकोण आहे, एक जादा पट्टा आहे आणि चार हात नायलॉनची दोरी आहे.

शाळा उघडल्यावर मराठीच्या तासाला आम्ही सहावीच्या मुलांना 'वाटेत भेटलेला माणूस' असा विषय निबंधाला दिला. अकरा मुले. नऊ जणांनी आपल्या घरच्यांना कोणी मदत केली ते लिहिले, कोठे टायर बदलून दिले, कोठे पावसात बसथांब्यावरून घरी सोडले. दोन जणांनी आपल्या वडिलांनी गाडी थांबवून कोणाला मदत केली ते लिहिले. त्या दोघांचे निबंध सर्वांत लांब होते, आणि त्यांपैकी एकाने शेवटी लिहिले होते की पप्पांचा शर्ट खराब झाला म्हणून मम्मी रागावली, पण फार नाही.